प्राचीन युद्धांचे वुडकट ऑनलाइन पाहायचे तर: पाच मोफत संग्रहांची पारख

ट्रॉयचा वेढा, ऱ्हाइन नदीवरचा सीझरचा पूल, तांबड्या समुद्रात बुडणारी फारोची फौज. प्रबोधनकाळातल्या युरोपात हे विषय लाकडी ठशांवरून पुन्हा पुन्हा छापले गेले. त्यातला बराच ऐवज आता मोठ्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी इंटरनेटवर मोफत खुला केला आहे. मात्र मोफत असला तरी सगळीकडे तो सारखाच दिसतो असं नाही. एकाच चित्राची एका ठिकाणी सुरीची प्रत्येक खूण मोजता येते आणि दुसरीकडे नुसता करडा ढग दिसतो. म्हणून वॉशिंग्टनचं लायब्ररी ऑफ काँग्रेस, हायडेलबर्ग विद्यापीठाचं ग्रंथालय, म्युनिकचं बव्हेरियन राज्य ग्रंथालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम (पुढे नुसतं ‘मेट’) आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम असे पाच संग्रह या एकाच विषयासाठी पारखले आहेत.

कसोट्या दोनच ठेवल्या: रेघ दिसते का, आणि पान दिसतं का.

रेघ का, ते आधी सांगायला हवं. वुडकट ही उठावाची छपाई. फळीवर चित्र काढायचं, रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढायचं आणि उरलेल्या उंच कडेला शाई लावायची. म्हणजे काळी रेघ कोरलेली नसते, ती राखलेली असते. त्यामुळे रेघेची जाडी, तिचं टोक आणि दोन रेघांमधली पांढरी फट यांवरून कारागीर किती तयारीचा होता ते कळतं. बारीक रेघ साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची असते. तिच्या रुंदीत किमान तीन पिक्सेल बसले तरच तिच्या कडा दिसतात. ३०० पिक्सेल प्रति इंचाला पाव मिलिमीटरमध्ये जेमतेम तीन पिक्सेल बसतात, आणि १५० ला हिशोब कोसळतो.

दुसरी कसोटी पानाची, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. लाकडी ठसा खिळ्यांच्याच (म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) उंचीचा करता येत असल्याने चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत बांधून एकत्र छापता येत. युद्धाचे बहुतेक वुडकट असे पुस्तकाच्या पोटात जन्मले. चित्र पानातून कापून एकटं दाखवलं, की त्यातला चिलखतवाला रोमन आहे, ट्रोजन आहे की चित्रकाराच्या शेजारच्या गल्लीतला जर्मन शिपाई, हे ओळखायची किल्लीच हरवते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसपासून सुरुवात करावी, कारण तिथे या विषयाचं मूळ पुस्तकच अख्खं मिळतं. रॉबेर्तो वाल्तुरिओचा युद्धकलेवरचा लॅटिन ग्रंथ ‘दे रे मिलितारी’ १४७२ साली व्हेरोनात छापला गेला. छापणारा योहानेस हा तिथल्याच एका वैद्याचा मुलगा. पुस्तकात ८२ वुडकट आहेत, आणि तांत्रिक आकृत्या असलेलं हे अगदी पहिल्यांपैकी छापील पुस्तक मानलं जातं. वाल्तुरिओ रिमिनीच्या सिजिस्मोंदो मालातेस्ताच्या पदरी होता आणि ग्रंथही त्यालाच अर्पण केलेला आहे. इथली प्रत लेसिंग रोझेनवॉल्ड यांनी ग्रंथालयाला दिलेल्या संग्रहातली.

या पुस्तकात प्राचीन आणि तत्कालीन यांची सरमिसळ विलक्षण आहे. तट फोडायचे ओंडके, चाकांवरचे मनोरे, घडीच्या शिड्या, नदीवर टाकायचे तराफे हे सगळं रोमन लेखकांच्या, विशेषतः वेगेतिउसच्या, वर्णनांतून आलेलं आहे. चार पानं उलटली की तोफा आणि दारूचे गोळे दिसतात, आणि लेखकाला त्यात काही वावगं वाटत नाही. सर्वांत प्रसिद्ध चित्र ड्रॅगनच्या आकाराच्या मनोऱ्याचं. वाऱ्याच्या पंख्यांवर चालणारी युद्धगाडीही आहे. सुटं चित्र पाहणाऱ्याला ही प्राचीन यंत्रं वाटतात. पानं क्रमाने पाहिली की लक्षात येतं, हा एका दरबारी विद्वानाने आपल्या धन्यासाठी मांडलेला संच आहे. त्यात पूर्वजांच्या शस्त्रांशेजारी स्वतःच्या काळातली शस्त्रं मानाने बसवली आहेत. यासाठीच सबंध पुस्तक पाहायला मिळणं मोलाचं.

या पुस्तकातली रेघ जाड आणि मोकळी आहे, छटा जवळपास नाहीत. त्यामुळे मध्यम आकाराची प्रतिमाही पुरते. मोठी टिफ फाइल उतरवायची गरज फक्त छपाईसाठी. पाहताना एक सवय लावून घ्यावी: आधी सगळ्या पानांचा छोटा जाळीदार देखावा उघडायचा, चित्रांची पानं टिपून घ्यायची आणि मगच एकेक मोठं करायचं. शोधाच्या रकान्यात ‘प्राचीन युद्ध’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाकून हे पुस्तक हाती लागणं कठीण. लेखकाचं नाव आणि साल टाकलं की चटकन सापडतं. हा नियम पाचही संग्रहांना लागू आहे. विषयाने शोधू नका; लेखकाच्या, छापणाऱ्याच्या किंवा कलाकाराच्या नावाने शोधा.

एक सावधगिरी. व्हेरोनातच १४८३ मध्ये बोनिनो दे बोनिनिसने या ग्रंथाची पुन्हा लॅटिन आवृत्ती काढली आणि इटालियन भाषांतरही छापलं. त्यातली चित्रं जुन्या ठशांवरची नाहीत. ती लहान करून नव्याने कोरलेली आहेत. इंटरनेटवर फिरणारी वाल्तुरिओची कितीतरी चित्रं १४७२ ची म्हणून दिली जातात आणि असतात १४८३ ची. चित्राखाली सालच नसेल तर ते चित्र अभ्यासाला वापरू नये.

हायडेलबर्गकडे वळू. त्यांच्याकडे स्ट्रासबुर्गच्या योहान ग्र्युनिंगरने १५०२ मध्ये छापलेला व्हर्जिल, म्हणजे या रोमन कवीच्या काव्यांचा ग्रंथ, पूर्ण पाहता येतो. संपादक झेबास्टियान ब्रांट. दोनशेहून अधिक वुडकट, आणि त्यांतला मोठा वाटा ‘एनीड’ या महाकाव्याचा, म्हणजे ट्रॉयचा पाडाव, समुद्रप्रवास आणि इटलीतली लढाई. या पाचांत युद्धचित्रांसाठी एकच जागा निवडायची तर मी ही निवडेन.

या चित्रांची रेघ वाल्तुरिओच्या अगदी उलट आहे. समांतर रेघांची दाट वीण असावी तशी छटा, एका चित्रात चार-चार प्रसंग आणि माणसांच्या गर्दीत प्रत्येकाच्या जवळ नावाची पाटी. ज्यांना लॅटिन येत नाही त्यांनाही कथा कळावी, हा ब्रांटचा हेतू होता. त्यामुळे मराठी वाचकालाही हे चित्र वाचता येतं. पाटीवरचं रोमन लिपीतलं नाव जुळवायचं आणि ‘एनीड’चा नायक एनेआस कुठून कुठे गेला ते चित्रातच बोटाने माग काढत जायचं. एकाच चौकटीत तो दोनदा दिसला तर गोंधळू नये. तो दोन वेगळ्या क्षणांचा एनेआस आहे. आपल्याकडच्या पोथीचित्रांत किंवा भित्तिचित्रांत असा कथाक्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल.

युद्धसामग्री मात्र पूर्णपणे १५०० च्या सुमारासच्या जर्मनीतली. ट्रॉयला टोकदार छपरांचे बुरूज आहेत, योद्धे पायापासून डोक्यापर्यंत पोलादी पत्र्याच्या चिलखतात आहेत. याला चित्रकाराचं अज्ञान म्हणणं अन्यायाचं होईल. वाचकाच्या ओळखीचा वेश दिला की कोण सरदार, कोण पायदळ, कोण राजा हे क्षणात कळतं. रोमन पोशाखाचा अभ्यास करायला हे पुस्तक निरुपयोगी आहे. १५०२ च्या वाचकाने व्हर्जिल कसा डोळ्यांपुढे आणला ते समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं साधन नाही.

इथे प्रतिमेचा आकार कळीचा आहे. पान साधारण ३० सेंटिमीटर उंच धरलं आणि प्रतिमा ४००० पिक्सेल उंच असेल, तर इंचाला सुमारे ३४० पिक्सेल येतात. दाट छटा सुटी दिसायला तेवढे हवेतच. पडद्यावर मावणाऱ्या लहान प्रतिमेत त्याच छटांवर पाण्याच्या लहरींसारखे खोटे पट्टे उमटतात. हा छपाईचा दोष नाही आणि कागदाचाही नाही. बारीक समांतर रेघा पिक्सेलच्या जाळीशी भांडतात तेव्हा असं होतं. पट्टे दिसले की चित्र आणखी मोठं करावं, ते नाहीसे होतात. आणि बाराव्या सर्गात एनेआसचा प्रतिस्पर्धी तुर्नुस मेल्यावर पुस्तक बंद करू नये. माफेओ वेजिओने पंधराव्या शतकात जोडलेला तेरावा सर्गही या आवृत्तीत चित्रांसह आहे.

ग्र्युनिंगरचे हे ठसे पुढेही राबले. त्याने १५१५ मध्ये काढलेल्या जर्मन ‘एनीड’मध्ये ते वापरले आणि १५१७ मध्ये ते ल्योंच्या एका आवृत्तीत दिसतात. कोणती छाप आधीची हे ओळखायला चौकटीची रेघ पाहावी. ठसा वापरून जुना झाला की सर्वांत आधी बाहेरची एकाकी रेघ तुटते. दुसरी खूण किडीची. लाकडाला कीड लागली की छापात गोल पांढरा ठिपका उमटतो, कारण तिथे शाई लागायला लाकूडच उरलेलं नसतं. कागदाला कीड लागली असेल तर भोक असतं, आणि तेच भोक मागच्या-पुढच्या पानांवरही त्याच जागी दिसतं. सलग पानं दाखवणाऱ्या संग्रहातच हा फरक पडताळता येतो.

म्युनिकचा उपयोग वेगळ्या कामासाठी. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या छापील पुस्तकांचा तिथला डिजिटल साठा प्रचंड आहे. एकाच ग्रंथाच्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर तिथेच जावं. सीझरचं उदाहरण घेऊ. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस याने १५१३ मध्ये सीझरच्या युद्धवृत्तान्ताची छोट्या आकाराची आवृत्ती काढली. तिचा संपादक फ्रा जोकोंदो स्वतः पूल बांधणारा वास्तुविशारद होता. पॅरिसचा नोत्र-दाम पूल त्याच्याच देखरेखीखाली झाला. या आवृत्तीत ऱ्हाइनवरच्या पुलाचा आणि वेढे पडलेल्या शहरांचे वुडकट आहेत.

पुलाचं चित्र पारखायला सीझरने मापंच दिली आहेत. दीड फूट जाडीचे दोन खांब एकमेकांपासून दोन फुटांवर जोडायचे आणि प्रवाहाच्या दिशेने तिरके रोवायचे. त्यांच्यासमोर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला ४० फुटांवर, तसेच दोन खांब प्रवाहाच्या विरुद्ध कलते रोवायचे. त्यांवर दोन फूट जाडीची तुळई. रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे खांब सुमारे ४४ सेंटिमीटर जाड आणि दोन जोड्यांमधलं अंतर जवळपास १२ मीटर. इसवीसनपूर्व ५५ मध्ये, लाकूड गोळा करायला लागल्यापासून १० दिवसांत सगळा पूल उभा राहिला. कुठल्याही आवृत्तीतल्या चित्रात आधी एवढंच पाहायचं: दोन्ही बाजूंचे खांब आत, एकमेकांकडे कलले आहेत का? सरळ उभे असतील तर चित्रकाराने मजकूर वाचलेला नाही. कलले असतील तर तुळई खांबांच्या जोडीच्या मधल्या दोन फुटांच्या फटीत बसली आहे का ते पाहावं, कारण पाण्याचा जोर वाढला की सांधा आणखी घट्ट होतो ही त्या रचनेची खरी गंमत तिथेच आहे.

म्युनिकचं पान आयआयआयएफ या, अनेक ग्रंथालयांनी प्रतिमा देण्यासाठी स्वीकारलेल्या, समाईक पद्धतीने मिळतं. या पद्धतीत प्रतिमेच्या वेबपत्त्याच्या शेवटी चित्राचा भाग, आकार, फिरवण्याचा कोन, रंगाचा प्रकार आणि फाइलचा प्रकार असे पाच तुकडे असतात. आकाराच्या जागी ‘मॅक्स’ हा शब्द रोमन लिपीत घातला, की सर्व्हर देईल तेवढी मोठी प्रतिमा येते. जुन्या पद्धतीच्या सर्व्हरला त्या जागी ‘फुल’ लागतं. आल्दुसचं पुस्तक हाताच्या पंजाएवढं असल्याने चित्रंही छोटी आहेत, तेव्हा हा खटाटोप करावाच. पुलाच्या चित्रातल्या खुणेच्या अक्षरांशिवाय ते समजत नाही आणि लहान प्रतिमेत ती वाचताच येत नाहीत.

आता सुट्या छापांकडे. इथे मेट वरचढ आहे. ७ फेब्रुवारी २०१७ पासून त्यांनी सार्वजनिक मालकीच्या कलाकृतींच्या ३,७५,००० प्रतिमा सीसी झिरो परवान्याखाली, म्हणजे कुठलीही अट न घालता, खुल्या केल्या, आणि पुढे त्यात भर पडत गेली. शोधताना कलाकाराचं नाव टाकायचं आणि ‘ओपन ॲक्सेस’ची खूण करायची. माध्यमाच्या गाळणीत ‘वुडकट’ निवडलं नाही तर ताम्रपटावरची एन्ग्रेव्हिंगही त्यात मिसळून येतात. वास्तुविशारद पाल्लादिओने काढलेल्या सीझरच्या १५७५ च्या आवृत्तीतली चित्रं अशीच ताम्रपटाची आहेत, वुडकट नव्हेत. ओळख सोपी आहे. एन्ग्रेव्हिंगची रेघ टोकाला सुईसारखी निमुळती होते आणि चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याचा दाब उमटलेला असतो. वुडकटच्या रेघेच्या कडेला दाबली गेलेली शाई जराशी दाट होऊन थांबते.

मेटवर मुद्दाम पाहावा तो आंद्रेआ आंद्रेआनीचा ‘सीझरचा विजयोत्सव’. मूळ नऊ भव्य चित्रं इटालियन चित्रकार मान्तेन्याची, पंधराव्या शतकाच्या अखेरीस मान्तुआच्या गोंझागा घराण्यासाठी काढलेली. आता ती लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टात आहेत. आंद्रेआनीने १५९९ च्या सुमारास ती लाकडी ठशांवर उतरवली. इथे लढाई नाही, लढाईनंतरची मिरवणूक आहे. कर्णे, फलकांवर रंगवलेली जिंकलेली शहरं, भाल्यांना टांगलेली चिलखतं, हत्ती, कैदी, आणि शेवटी रथात सीझर. प्राचीन शस्त्रं कशी दिसत असतील याचा रोमन शिल्पांवरून केलेला अभ्यास या चित्रांत सर्वांत सखोल आहे. वाल्तुरिओ आणि ग्र्युनिंगर पाहून इथे आलं की हा फरक डोळ्यांत भरतो.

हे किआरोस्कुरो वुडकट आहेत, म्हणजे एका चित्राला चार ठसे. एक रेघांचा, बाकीचे वेगवेगळ्या छटांचे. सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद. ठसे एकावर एक नीट बसले नाहीत तर हत्तीच्या पाठीवर किंवा ढालीच्या कडेला पांढरी चीर दिसते. ती शोधावी, छपाईचं कसब तिथे कळतं. एकेक पान साधारण ३८ सेंटिमीटर चौरस, म्हणजे १५ इंच. ४००० पिक्सेलची प्रतिमा मिळाली तर इंचाला सुमारे २६५ पिक्सेल. छटांसाठी हे भरपूर आहे, रेघेसाठी कामचलाऊ. आंद्रेआनीबद्दल आणखी एक: दुसऱ्यांनी कोरलेले जुने ठसे विकत घेऊन त्यांवर आपली मुद्राक्षरं घालून छापण्याचा त्याचा धंदाच होता. त्याची ‘ए ए’ खूण दिसली म्हणजे कोरीवकाम त्याचंच, असं समजू नये.

पुस्तकांसाठी मात्र मेटवर विसंबून राहू नये. पुस्तकाची बहुधा निवडक पानंच छायाचित्रित केलेली असतात, आणि आपली दुसरी कसोटी तिथे नापास होते.

व्हेनिसचा चित्रकार तिशियन याचा ‘फारोच्या सैन्याचा तांबड्या समुद्रात अंत’ हा सगळ्याच संग्रहांची परीक्षा घेणारा छाप. बारा ठसे, तीन ओळींत चार-चार. जोडलेलं चित्र अंदाजे १२२ बाय २२१ सेंटिमीटरचं होतं. रेखाटन १५१५ च्या आसपासचं, आज दिसणारी आवृत्ती दोमेनिको दाल्ले ग्रेकेने १५४९ मध्ये छापलेली. फारोचे घोडेस्वार इजिप्तचे नाहीत, इटलीच्या रणांगणावरचे चिलखतधारी आहेत. व्हेनिस तेव्हा कांब्रेच्या संघाशी, म्हणजे त्याच्याविरुद्ध एकवटलेल्या युरोपीय सत्तांच्या युतीशी, जिवावरची लढाई लढत होतं हे आठवलं की बुडणारी फौज कोणाची समजली जात असेल ते कळतं.

हिशोब करा. २२१ सेंटिमीटर म्हणजे ८७ इंच. अख्खं चित्र एका ४००० पिक्सेल रुंद प्रतिमेत बसवलं तर इंचाला ४६ पिक्सेल. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ एका पिक्सेलपेक्षा बारीक होते. लाटांची जी उसळी या चित्राचा प्राण आहे, ती फक्त रेघांच्या वळणांत आहे, आणि तीच नाहीशी होते. म्हणून एकसंध प्रतिमा रचना समजण्यापुरती पाहावी आणि प्रत्येक ठशाचं वेगळं छायाचित्र जिथे दिलं असेल तिथे तो छाप अभ्यासावा. एक पान सुमारे ४० बाय ५५ सेंटिमीटरचं. ते एथ्रीवर मावत नाही, मूळ आकारात छापायला एटू कागद लागतो. बारा पानं जोडताना सांधे तंतोतंत जुळले नाहीत तर फाइल चुकली असं समजू नये. छपाईच्या वेळी कागद ओला असे आणि वाळताना प्रत्येक ताव थोडा वेगळा आक्रसे, त्यामुळे मूळ छापांतही सांधे सरकलेलेच आहेत.

ब्रिटिश म्युझियमचं बलस्थान प्रतिमेपेक्षा नोंदीत आहे. छापाची अवस्था, ठशांची संख्या, कोरणारा आणि प्रकाशक वेगळे असतील तर दोघांची नावं, ही माहिती तिथे नेटकेपणाने मिळते. प्रतिमा मेटवर पाहावी आणि नोंद लंडनची वाचावी, ही जोडी उत्तम जमते. परवान्याचा फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिमा बिगरव्यापारी वापरापुरत्या मोफत आहेत. विकत मिळणाऱ्या दिवाळी अंकात किंवा पुस्तकात चित्र छापायचं तर ती अट आड येते, मेटची सीसी झिरो प्रतिमा येत नाही. जर्मन ग्रंथालयांच्या प्रत्येक पुस्तकाशेजारी परवान्याची ओळ असते, ती वाचूनच फाइल उतरवावी.

छपाईसाठी शेवटी थोडं. एथ्रीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. काळ्या रेघेचा वुडकट निव्वळ काळा-पांढरा करायचा असेल तर आधी प्रतिमा ६०० डीपीआयला वाढवावी आणि मग काळ्या-पांढऱ्याची सीमा ठरवावी. उलट क्रमाने केलं तर तिरक्या रेघांना करवतीचे दात येतात. फिकं करडंही काळं ठरेल अशी सीमा धरली तर पाठीमागच्या पानावरच्या मजकुराची अक्षरं आकाशात उगवतात, फक्त गडदच काळं ठरेल अशी धरली तर दूरच्या भाल्यांच्या टोकांचे तुकडे पडतात. पानाच्या शिवणीकडची बाजू नेहमी सावलीत असते. ती वेगळी निवडून आधी उजळून घ्यावी, सबंध पानाला एकच सीमा लावू नये. आंद्रेआनीच्या छापांना यातलं काहीच करू नये. कागदाचा पिवळेपणा घालवायला पांढरं ताणलं की सर्वांत फिकी छटा कागदात विरते, आणि चार ठशांचं काम तीन ठशांचं दिसू लागतं.